दाणा भरतो तो शेवटच्या महिन्यात

पुणेकर ज्याला सवयीनं ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, त्या शिवाजीनगरच्या हवामान खात्यात मान्सूनचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज तयार होतो. एप्रिलमध्ये टक्का जाहीर झाला की आपण कट्ट्यावर बसून हिशेब मांडतो. पाऊस बरा तर पीक बरं, कमी तर महागाई. हा हिशेब दरवेळी जुळत नाही.

२००२ साली सरासरीच्या ८१ टक्के पाऊस झाला आणि देशाचं अन्नधान्य उत्पादन सुमारे २१.३ कोटी टनांवरून १७.५ कोटींवर आलं. त्या वर्षी ऐन पेरणीच्या जुलैत पावसानं दडी मारली होती. २०२३ मध्ये एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला पाऊस बिघडवणारी स्थिती होती; ऑगस्ट तर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला. पण जुलैत चांगला पाऊस झाल्यानं लावण्या उरकल्या होत्या, सप्टेंबरनंही हात दिला. त्या वर्षाचं उत्पादन ३३ कोटी टनांच्या वर गेलं, तोवरचा उच्चांक. त्यात भाताला आणि गव्हाला असलेल्या ओलिताचा वाटा मोठा. कोरडवाहू डाळींचं उत्पादन मात्र घटलं. देशाच्या एका बेरजेत अशी रडगाणी ऐकू येत नाहीत.

आणि पावसाचा काहीच दोष नसतानाही पीक जातं. २०२२ चा मार्च आठवून पाहा. १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च. उत्तरेकडे गहू तेव्हा चिकात होता, म्हणजे दाण्यात नुकतं दूध भरत होतं. ओंबी निसवली म्हणजे पीक आलं असं आपल्याला वाटतं, पण खरं काम नंतरच सुरू होतं. पानांनी बनवलेली साखर दाण्यात जाते, तिथे तिचा स्टार्च होतो आणि दाणा हळूहळू फुगतो. याला महिनाभर तरी लागतो. पारा तिशीच्या वर गेला की स्टार्च घडवणारी विकरं (एन्झाइम) मंदावतात, रोप घाईनं पिकतं आणि भरण्याचे दिवसच कमी होतात. रात्रीही उकाडा असेल तर कमावलेली साखर श्वसनात खर्च होते. मजूर कमी, वेळ कमी आणि वर खर्च जास्त, असा सगळा मामला.

फेब्रुवारीत सरकारचा गव्हाचा अंदाज ११.१३ कोटी टनांचा होता, अखेरचा आकडा १०.७७ कोटी निघाला. १३ मे रोजी निर्यात थांबली. पंजाब-हरियाणात तर चिमलेल्या दाण्यांची खरेदीतली मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर न्यावी लागली.

आमच्याकडे वर्षाचे गहू मे महिन्यात भरतात, तेही मध्य प्रदेशातले सिहोरच. त्या भागात कापणी लवकर उरकते. त्या वर्षीही आईनं मूठभर सुपात घेऊन पाखडले. दाणा टपोरा होता, फोलही फारसं उडालं नाही. भाव मात्र पंजाबातल्या उन्हाचा लागला.