हार्ट शेपचा केक आणि बुटका चौकोन

हार्ट शेपचा केक करायचा म्हटलं की आधी तसा टिन शोधायला लागतात सगळे. काही गरज नाही हो, एक चौकोनी केक आणि एक गोल केक, बास. अट एकच, चौकोनाची बाजू जेवढी तेवढाच गोलाचा व्यास पाहिजे. समजा दोन्ही 20 सेमी. चौकोन पतंगासारखा कोपऱ्यावर उभा ठेवायचा, गोल मधोमध कापायचा आणि दोन्ही अर्धे वरच्या दोन बाजूंना चिकटवायचे. कापलेली कड बरोब्बर 20 सेमीच भरते त्यामुळे जोड आयसिंगखाली गायब.

पहिल्यांदा केला तेव्हा मी शहाणपणा करून मिश्रण दोन टिनमध्ये निम्मं निम्मं ओतलं. दोन्ही 20 सेमीचे, मग सारखंच लागणार ना? भाजून निघाल्यावर बघते तर चौकोन जेमतेम 4 सेमी आणि गोल 5 च्या वर! हार्टच्या मध्ये चक्क पायरी. चूक साधी होती, चौकोनाचं क्षेत्रफळ 20 गुणिले 20 म्हणजे 400 चौरस सेमी, आणि गोलाचं पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे 3.14 गुणिले 100, फक्त 314. गोलाला चार कोपरेच नाहीत, तेवढी जागा कमी. म्हणून एक किलो मिश्रण असेल तर 560 ग्रॅम चौकोनात आणि 440 गोलात, मग उंची सारखी येते.

आता एकूण झालं 714 चौरस सेमी. तुमची रेसिपी 20 सेमीच्या गोल टिनची असेल तर ती दुप्पट करून भागत नाही, 714 भागिले 314 म्हणजे साधारण सव्वादोन पट लागते. चार अंडी असतील तर नऊ. इतका सुटसुटीत हिशोब क्वचितच जमतो!

आयसिंगचं गणित मात्र वेगळं, वरच्या भागाला क्षेत्रफळ चालतं पण बाजूंना परीघ लागतो. हार्टची कड भरते जवळपास 103 सेमी, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोल केकची 95. सारख्या क्षेत्रफळात सगळ्यात कमी कड गोलाचीच असते, त्यामुळे कुठलाही फॅन्सी आकार घ्या, बाजूंना क्रीम जास्तच जाणार. आणि बोर्ड घेताना 20 च्या आकड्यावर जाऊ नका, हा केक 34 सेमी रुंद आणि टोकापासून वरपर्यंत 31 सेमी लांब होतो.

मासा किंवा डायनोसॉर हवा असेल तर सूत्र कुठून आणणार? तिथे गेओर्ग पिक नावाच्या ऑस्ट्रियन गणितज्ञाची 1899 ची युक्ती कामी येते. चौकटींच्या कागदावर सरळ रेषांनी आकार काढायचा, सगळे कोपरे चौकटींच्या छेदबिंदूंवरच पाहिजेत आणि मध्ये भोक नको. मग आतले बिंदू मोजायचे, त्यात कडेवरच्या बिंदूंचे निम्मे मिळवायचे आणि एक वजा. माझ्या डायनोसॉरचे आत 60, कडेवर 30, म्हणजे 60 अधिक 15 वजा 1, झाल्या 74 चौकटी. चौकट 2 सेमीची होती, म्हणजे एकीचं क्षेत्रफळ 4, एकूण 296 चौरस सेमी. म्हणजे 20 सेमीच्या गोल केकपेक्षा किंचित कमीच, पण मोठ्या आयताकृती केकमधून कापून काढताना चुरा आणि तुकडे इतके उरले की डायनोसॉर कापायच्या आधीच पोरांची पोटं भरली.