तान्ह्या बाळाला न जुळणाऱ्या रक्तगटाचं हृदय कसं चालतं?

रक्तगट जुळला नाही तर हृदय बसवता येत नाही, हा समज मोठ्या माणसांपुरता रास्तच आहे. ओ गटाच्या माणसाला ए गटाचं हृदय बसवलं, तर त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) त्या हृदयातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, गुठळ्या धरतात आणि काही मिनिटांत किंवा तासांत हृदय निकामी होतं. पण टोरोंटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रनमध्ये डॉ. लोरी वेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९६ ते २००० या काळात चार तास ते चौदा महिने वयाच्या दहा बाळांना गट न जुळणारी हृदयं बसवली. त्यातली ऐंशी टक्के बाळं जगली. तिथे प्रतीक्षायादीवरच दगावणाऱ्या बाळांचं प्रमाणही ५८ टक्क्यांवरून ७ वर आलं.

हे सगळं एका साखरेवर अवलंबून आहे. पेशीवर साखरेच्या साखळ्या असतात. ओ गटात टोकाला नुसती 'एच' रचना असते. तिला गॅलॅक्टोज जोडली की बी, आणि तिचीच एक नायट्रोजनवाली बहीण जोडली की ए. (ही एच रचनाच नसलेला 'बॉम्बे' रक्तगट १९५२ मध्ये मुंबईतच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवला.) अशाच साखरा आतड्यातल्या जिवाणूंवरही असतात, म्हणून परकं रक्त कधीही न घेता आपल्यात प्रतिपिंडं तयार होतात. बाळाला मात्र शुद्ध साखरेविरुद्ध प्रतिपिंडं करणं जमत नाही. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूची नुसत्या साखरेची लस दोन वर्षांखाली नीट लागू पडत नाही, तिला प्रथिनाची जोड द्यावी लागते, तीही याच कारणाने. सुरुवातीला बाळात असतात ती आईकडून आलेली प्रतिपिंडं, आणि ती ओसरत जातात. स्वतःची साधारण तीन ते सहा महिन्यांपासून वाढू लागतात.

म्हणून आधी टायटर, म्हणजे रक्तात ही प्रतिपिंडं किती आहेत ते बघतात. रक्तद्रव (प्लाझ्मा) १:२, १:४, १:८ असं पातळ करत जायचं आणि तांबड्या पेशींच्या गुठळ्या कुठपर्यंत दिसतात ते नोंदवायचं. पाच किलोच्या बाळात रक्त जेमतेम ४०० मिलिलिटर, त्यामुळे हार्ट-लंग मशीन जोडतानाच ते बदलून टाकता येतं. नव्या हृदयात रक्त सोडण्यापूर्वी टायटर पुन्हा तपासतात.

सगळ्यात घातक चूक होते ती रक्ताच्या पिशवीत. ओ गटाच्या बाळाला ए गटाचं हृदय असेल, तर तांबड्या पेशी ओ गटाच्याच हव्यात, पण प्लाझ्मा आणि प्लेटलेट ए किंवा एबी गटाचे. सवयीने ओ गटाचा प्लाझ्मा लावला, तर जी प्रतिपिंडं काढून टाकायला एवढा खटाटोप केला, तीच पिशवीतून परत आत जातात. आरएचची मात्र इथे काळजी नाही, कारण तो प्रतिजन (प्रतिपिंडं ज्याला चिकटतात तो घटक) रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर नसतोच.

नवरा-बायकोचा रक्तगट एकच निघाला म्हणून आपल्याकडे आजही स्थळं नाकारतात. त्याला काडीचाही आधार नाही. गरोदरपणात बघायचं ते मुख्यतः आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह आहे का, आणि त्यावरही इंजेक्शन आहे.

हृदय बसवल्यावर पुढे त्या बाळात जे घडतं ते मला या शास्त्रातलं सर्वांत सुंदर वाटतं. हे ओ गटाचं मूल वाढतं तशी त्याच्यात बीविरुद्धची प्रतिपिंडं नेहमीसारखी येतात, पण एविरुद्धची बहुधा येतच नाहीत किंवा अगदी क्षीण राहतात. रोज नजरेसमोर असलेली ती साखर शरीराने आपली मानलेली असते. रक्तगट बदलत नाही, कारण तांबड्या पेशी त्याच्याच अस्थिमज्जेत तयार होतात. हृदयातली प्रथिनं मात्र परकीच राहतात, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमससारखी औषधं चुकत नाहीत. आणि पुढे कधीही, कुठल्याही गावी त्याला रक्त चढवायची वेळ आली, तरी प्लाझ्मा ए किंवा एबीचाच, हे त्याच्या कागदावर ठळक लिहिलेलं असावं लागतं.