लहान डिझेल फोर बाय फोर गेली कुठे?

'गाडी तं लय चांगली हाये, पण हे डिझेलमधी काऊन नाही येत भाऊ?' मारुतीच्या जिम्नीसारखी लहान फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी पाहून यवतमाळ-वाशीमकडचा शेतकरी हेच विचारतो. शोरूममधला पोरगा 'सर, पेट्रोलच आहे, पण पॉवर भरपूर आहे' म्हणून वेळ मारून नेतो. अमेरिकेतलं दुखणं वेगळं. टोयोटाची डिझेल हायलक्स पिकअप आफ्रिकेत मिळते, ऑस्ट्रेलियात मिळते, २०२२ पासून भारतातही मिळते. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला मात्र ती नवी घेता येत नाही. आपल्याकडे घेता येते, पण किंमत ऐकून वावर विकायचा विचार मनात येतो. एकूण काय, शेताच्या कामाची डिझेल गाडी एक तर बाजारात नसते, नाही तर आवाक्यात नसते. लोक कंपन्यांना शिव्या घालून मोकळे होतात. कंपन्यांची बाजू घ्यायची मला हौस नाही, पण या प्रकरणात त्यांच्यापेक्षा रसायनशास्त्राचा हात मोठा आहे.

आधी मागणीतलं तथ्य पाहू. विदर्भाची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे थर एकमेकांना इतके सैल धरून असतात की पाणी थेट थरांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. मे महिन्यात ज्या भेगांत हात जातो त्या जुलैत मिटतात आणि वर उरतो गारा. तो टायरच्या नक्षीत बसला की टायर गुळगुळीत होतो, चाक जागच्या जागी फिरायला लागतं आणि पांदणीत गाडी पोटावर टेकते. तिथे वेगाचा काही उपयोग नाही. चाकाला हळू, एकसारखी ओढ लागते. झटका बसला की पकड सुटलीच.

ती ओढ देण्यात डिझेल इंजिनाचा हात धरणारं फार कोणी नाही. रुडॉल्फ डिझेल यांचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला चाललं. त्यातली मूळ कल्पना अजून तीच आहे. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती दाबून पंधरा-अठराव्या हिश्श्यावर आणायची, तापमान ५०० अंशांच्या वर गेलं की डिझेल फवारायचं. ठिणगी लागत नाही, ते आपोआप पेटतं. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण एकत्र दाबलं जातं. जास्त दाबलं तर ते वेळेआधीच पेटतं आणि इंजिन ठोके द्यायला लागतं. त्यामुळे पेट्रोलला दाबाची मर्यादा आहे. डिझेलमध्ये दाबली जाते ती फक्त हवा. ब्लॉक मजबूत असेल तर टर्बोने, म्हणजे हवा कोंबणाऱ्या पंख्याने, कमी आरपीएमलाच (मिनिटाला थोडेच फेरे होत असताना) भरपूर हवा भरता येते.

आकडे बघा. महिंद्रा थारचं २.२ लिटर डिझेल इंजिन १,६०० आरपीएमपासूनच ३०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारी ओढ, देतं. जिम्नीचं १.५ लिटर पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन मीटर देतं, तेही ४,००० आरपीएमला. ही तुलना थोडी अन्यायाची आहे हे मान्य: एक इंजिन मोठं, टर्बोचं, दुसरं लहान, बिनटर्बोचं, आणि जिम्नी थारपेक्षा जवळजवळ अर्धा टन हलकी. तरी दोन्ही गाड्या चिखलातून काढलेल्या माणसाच्या क्लचवरच्या पायाला फरक कळतो. शिवाय डिझेल आयडलिंगवर असताना चढ लागला की ते स्वतःच जास्त तेल घेतं. एक्सिलरेटरला पाय न लावता पहिल्या गियरमध्ये गाडी सरपटत राहते. महिंद्राच्या जुन्या कमांडर आणि मेजर जीपा चालवलेली माणसं ज्या 'दमा'ची आठवण काढतात, त्यात या सरपटण्याचा वाटा मोठा आहे. वर ॲव्हरेज चांगलं, कारण लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जा जास्त आणि इंजिनही तिचा जास्त भाग कामाला लावतं.

घोडं अडतं ते धुरापाशी. ज्या उष्णतेमुळे आणि दाबामुळे डिझेल काटकसरी आहे, त्यांच्यामुळेच हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड वायू तयार होतात. त्याच वेळी फवाऱ्याच्या थेंबाभोवती ऑक्सिजन अपुरा पडतो आणि काजळी बनते. आता कात्री पाहा. ज्वाला थंड केली, म्हणजे थोडा जळका धूर परत सिलिंडरमध्ये फिरवला, तर नायट्रोजन ऑक्साइड घटतात पण काजळी वाढते. काजळी पुरती जाळायला उष्णता वाढवली की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. इंजिनाच्या आत हे दोन्ही एकदम मिटत नाहीत, त्यामुळे उरलेला धूर बाहेर, सायलेन्सरच्या वाटेवर साफ करावा लागतो. आणि धूर साफ करणं हा चोचला नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं.

कोणत्या देशाने यातल्या कोणत्या घाणीला आधी धरलं, यावर कुठे कोणती गाडी विकली जाते हे ठरलं. कॅलिफोर्नियात १९४०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आसपास भाजीपाल्याची पानं करपायला लागली. अननसाच्या वासावर काम करणारे आरी हागेन-स्मिट नावाचे रसायनतज्ज्ञ त्या शोधात ओढले गेले. गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन वायू उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन बनतो आणि तोच पानं जाळतो, हे त्यांनी दाखवलं. तेव्हापासून अमेरिकेचा डोळा नायट्रोजन ऑक्साइडवर. तिथे २००४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नियमांत डिझेल आणि पेट्रोल असा भेदच ठेवला नाही: कंपनीच्या गाड्यांची नायट्रोजन ऑक्साइडची सरासरी किलोमीटरला सुमारे ४४ मिलिग्रॅमच्या आत हवी होती. त्याच सुमारास युरोप कार्बन डायऑक्साइड कमी करण्याच्या मागे होता. डिझेल तेल कमी खातं म्हणून तिथे डिझेल मोटारीला २५० मिलिग्रॅमपर्यंत सूट होती. एकच गाडी जर्मनीत कायदेशीर आणि कॅलिफोर्नियात बाद! फोक्सवॅगनने ही दरी सॉफ्टवेअरच्या लबाडीने बुजवायचा प्रयत्न केला. चाचणीच्या वेळी धूर स्वच्छ, रस्त्यावर मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. २०१५च्या सप्टेंबरात ते उघडं पडलं आणि डिझेलची उरलीसुरली अब्रूही गेली.

हायलक्सच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून चिडून अमेरिकेने १९६४ पासून परदेशी लहान ट्रकांवर २५ टक्के आयात कर लावला. कोंबड्यांचं भांडण केव्हाच मिटलं, कर अजून आहे. असो.

भारताने १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराच्या नियमांत बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी मारली, मधला टप्पा वगळला. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, काजळीची २५ वरून साडेचारवर. ती गाठायला दोन हजार बारच्या आसपास दाबाने फवारणारे इंजेक्टर, काजळी अडवणारी जाळी म्हणजे डीपीएफ, धुरातले घातक वायू बदलून टाकणारे प्लॅटिनमसारख्या महाग धातूंचे कॅटॅलिस्ट, नायट्रोजन ऑक्साइडवर वेगळी प्रक्रिया आणि या सगळ्यावर नजर ठेवणारे सेन्सर लागतात. इंजिन अर्धं केलं म्हणून हा पसारा अर्ध्या किमतीत होत नाही. वऱ्हाडी पन्नास असोत की पाचशे, भटजी आणि वाजंत्री लागतातच. फॉर्च्युनरसारख्या महागड्या गाडीत हा खर्च पचतो, आठ-दहा लाखांच्या गाडीत तो बोकांडी बसतो. मारुतीने त्याच तारखेपासून डिझेल मोटारी बंद केल्या त्या याच हिशेबाने. आपल्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: डिझेल संपलं नाही, पण ज्या आकारात त्याला ते हवं आहे नेमक्या त्याच आकारात ते परवडेनासं झालं. गंमत अशी की मागच्या पिढीची जिम्नी युरोपात काही वर्षं रेनोच्या दीड लिटर डिझेल इंजिनासह मिळत होती. म्हणजे यांत्रिक अडचण कधीच नव्हती.

नियम कधी कधी आकड्यांचा खेळही करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५च्या डिसेंबरात दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर बंदी घातली, तर महिंद्राने काही आठवड्यांत १.९९ लिटरचं इंजिन काढलं. २.२ लिटरमधून कमी झालेल्या त्या दोनेकशे सीसींनी दिल्लीची हवा किती सुधारली असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. पुढच्या ऑगस्टमध्ये एक टक्का अधिभार घेऊन ती बंदी उठली.

समजा उद्या कोणी लहान डिझेल फोर बाय फोर बाजारात आणलीच. ती पांदणीवर सुखाने नांदेल? मला शंका आहे. डीपीएफमधली काजळी जळायला तिथे ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. महामार्गावर एका वेगाने गाडी पळाली की ते मिळतं. घरून वावर, वावरातून जिनिंग, तेही दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये, असा दिनक्रम असेल तर जाळी भरत जाते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी ताकद कमी करते. काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल अर्धवट राहिलं तर ते ऑइलमध्ये उतरतं. गाडीला अधूनमधून समृद्धी महामार्गावर पळवून आणायचा सल्ला ऐकायला विनोदी वाटतो, पण तो बरोबर आहे.

काही गाड्यांत युरियाचं द्रावणही भरावं लागतं. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो. हा युरिया खताच्या चुंगडीतला चालत नाही. आपल्या खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो. तो कॅटॅलिस्टची वाट लावेल. द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी हवं. ते ३५ अंशांच्या वर फार दिवस टिकत नाही, आणि अकोला-चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतही पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेला डबा घेताना तारीख बघावी.

जुनी जीप यातलं काहीच मागत नव्हती. पंप यांत्रिक, सेन्सर नाही, गावातला मिस्त्री पान्हा-पक्कड घेऊन चालू करून द्यायचा. आठवण येते ती तिची. आजचं डिझेल ते राहिलेलं नाही, पिवळ्या दिव्यापुढे आपला मिस्त्रीही हात टेकतो.

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा: नियम दिल्ली-मुंबईसाठी ठीक, आमच्या रिकाम्या रानात दोन जीपांनी काय बिघडतं? काजळीपुरतं त्यात तथ्य आहे. ओझोनचं गणित मात्र उलटं निघतं. शहराच्या दाट धुरात नायट्रोजन ऑक्साइड इतके असतात की बनलेल्या ओझोनचा काही भाग तेच खाऊन टाकतात. खेड्याच्या स्वच्छ हवेत ते थोडे असतात, आणि तिथे जो काही नवा थेंब पडतो तो ओझोन बनवायच्या कामी जास्त येतो. सोयाबीन आणि गहू ही दोन्ही पिकं ओझोनला नाजूक. पावसाळ्यात ढगांमुळे ओझोन कमी बनतो. पाऊस उघडला, ऊन तापलं की वाढतो, म्हणजे सोयाबीनच्या शेवटच्या दिवसांत आणि पुढे रब्बीत. हागेन-स्मिट यांना पुरावा शेतातल्या पानांवरच मिळाला होता हे विसरू नये.

पण शेतकऱ्याच्या तक्रारीतला एक भाग मला पटतो. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र धूर सोडतं तेव्हा त्याची जीप डोळ्यांत खुपणं चमत्कारिक वाटतं. ट्रॅक्टरचंही तसंच. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून कडक नियम आले. देशात विकले जाणारे बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या खालचे आहेत आणि ते जुन्या, सैल नियमांवर चालतात. दिवसभर वावरात धूर सोडणाऱ्या यंत्राला सवलत आणि आठवड्यातून चार फेऱ्या मारणाऱ्या जीपला डीपीएफ, हे तर्काला धरून नाही. सवलतीमागे स्वस्त ट्रॅक्टर हा हेतू आहे, आणि तो रास्तही आहे. पण मग शेतावरच्या लहान गाडीचा वेगळा विचार का होऊ नये, याला सरळ उत्तर मिळत नाही.

तोवर गाडी घेणाऱ्याने इंधनापेक्षा गियरबॉक्स बघावा. जिम्नीचा लोअर गियर टॉर्क दुप्पट करून चाकाकडे पाठवतो. इंजिन जास्त ओरडेल, पेट्रोल जास्त पिईल, पण ओढ मिळेल. गाऱ्यात बहुतेक वेळा टॉर्क पुरतो आणि पकड संपते, तेव्हा एका बाजूचं चाक मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल लॉक आणि खोल, उघड्या नक्षीचे टायर जास्त कामाला येतात. विजेची मोटर तर शून्य आरपीएमलाच पूर्ण टॉर्क देते, डिझेलचा मुख्य गुण तिच्यात उपजत आहे. तशी स्वस्त, फोर बाय फोर गाडी मात्र अजून बाजारात नाही.

आणि पांदण स्वतः बदलता येते. राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेतरस्त्यांचं काम हाती घेतलं. त्यात मुरूम टाकून दबाई होते. काळ्या मातीवर नुसता मुरूम दोन पावसाळ्यांत खाली दबून जातो, कारण खालची माती फुगणं-आकसणं थांबवत नाही. वरच्या वीतभर थरात तीन ते पाच टक्के चुना मिसळला तर चुन्यातलं कॅल्शियम खनिजाच्या थरांमधे बसून त्यांना जवळ ओढतं, माती पाणी कमी घेते, आणि पुढे काही आठवडे सिलिका-चुन्याची संथ अभिक्रिया होऊन ती कडक होत जाते. सिलिका वाढवायला औष्णिक केंद्राची राख चालते. चुनखडी वणी-कोरपन्याकडे आहे, राख चंद्रपूर आणि कोराडीला. मुरूम टाकण्याआधी हा थर घातला तर खर्च वाढतो, पण तोच रस्ता दर दोन वर्षांनी पुन्हा करावा लागत नाही, आणि त्यावरून साधी टू-व्हील ड्राइव्ह पिकअपही जुलैत कापूस-तुरीचं खत घेऊन वावरापर्यंत जाते.