‘डिड नॉट’च्या पुढे ‘वेंट’ का चालत नाही

नागपुरात बर्डीवरच्या स्पोकन इंग्लिश क्लासात बसा किंवा नागपूरजवळच्या एखाद्या झेडपीच्या शाळेत, ‘आय डिड नॉट वेंट’ हे वाक्य कानावर पडतंच. शिक्षक ते खोडतात, ‘डिडनंतर पहिलं रूप’ असं बजावतात आणि पुढच्या वाक्याकडे वळतात. नियम बरोबरच आहे. पण तो आला कुठून, हे मुलांना कुणी सांगत नाही. आणि मूल इथे चुकतं ते बेफिकिरीनं नव्हे, आपल्या भाषेचा कायदा पाळून चुकतं, ही गोष्ट माझ्या मते प्रत्येक इंग्रजी शिक्षकानं लक्षात घ्यायला हवी.

मराठीत भूतकाळ क्रियापदातच असतो. नकार द्यायचा तर त्या रूपाला हात लावत नाहीत, पुढे ‘नाही’ ठेवतात: ‘मी गेलो नाही’. वऱ्हाडीत ‘म्या पाह्यलं नाही’, नागपुरी हिंदीत ‘मैं गया नहीं’. ‘ती गेली नव्हती’, ‘ते गेले नव्हते’ यांत तर दोन्ही शब्द बदलतात आणि भूतकाळ दोन्हीकडे दिसतो. या बोलींत वाढलेल्या मुलाला ‘डिडन्ट’ म्हणजे ‘नाही’ आणि ‘वेंट’ म्हणजे ‘गेलो’ वाटलं, तर त्यात नवल काय?

मजा अशी की एकेकाळी खुद्द इंग्रजीही याच वाटेनं चालत होती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नकार ‘ने’ या छोट्या शब्दानं होई आणि तो क्रियापदाच्या आधी येई. कधी तो क्रियापदालाच चिकटे: ‘ने’ आणि ‘वॅस’ मिळून ‘नॅस’, आपल्या ‘नव्हता’सारखंच. पुढे हा ‘ने’ उच्चारात क्षीण होत गेला, म्हणून जोर देण्यासाठी क्रियापदानंतर ‘नॉट’ येऊ लागलं. काही काळ दोन्ही नकार एकाच वाक्यात नांदले, मग ‘ने’ गळून पडला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1917 साली नकाराचं हे झिजणं आणि पुन्हा उभं राहणं अनेक भाषांतून दाखवून दिलं.

म्हणजे एका टप्प्यावर इंग्रजीत ‘आय वेंट नॉट’ हेच शुद्ध वाक्य होतं: आधी भूतकाळी क्रियापद, मग नकार. अगदी ‘मी गेलो नाही’. 1611च्या इंग्रजी बायबलात ‘न्यू हिम नॉट’ (knew him not, म्हणजे ‘त्याला ओळखलं नाही’) अशी रचना आहे. एकोणिसाव्या शतकात नागपुरात आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांचं इंग्रजी बायबल हेच होतं. त्यांच्यापैकी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचं कॉलेज 1883 साली सुरू झालं. पण तोवर रोजच्या इंग्रजीतून ही जुनी रचना जवळपास गेली होती. व्याकरणात ‘डिड नॉट नो’ (did not know) पक्कं झालं होतं.

हा बदल घडवला ‘डू’नं. तेराव्या शतकापासून ते सहायक क्रियापद म्हणून दिसू लागतं आणि सोळाव्या शतकात नकारात व प्रश्नात झपाट्यानं पसरतं. स्वीडिश अभ्यासक आल्वार एलेगॉर्ड यांनी 1953 साली जुन्या मजकुरांतली वाक्यं मोजून हा प्रवास मांडला. ‘नो’, ‘डाउट’, ‘केअर’ अशी मोजकी क्रियापदं सगळ्यात उशिरापर्यंत जुन्याच चालीनं चालली, असं त्यात दिसतं. शेक्सपिअरच्या काळात ‘आय नो नॉट’ आणि ‘आय डू नॉट नो’ दोन्ही चालत. ‘डू’च का आलं, यावर अजून वाद आहे. वेल्श, कॉर्निश या केल्टिक भाषांचा तो प्रभाव, असं काहींचं मत आहे, इतरांना ते पटत नाही.

नियमाचं मूळ मात्र इथेच सापडतं. ‘कुड’, ‘वुड’ यांच्यानंतर क्रियापद आधीपासूनच मूळ रूपात येत होतं, आणि ‘डू’ याच रांगेत जाऊन बसलं. काळ दाखवण्याचं काम ‘डिड’नं घेतलं, म्हणून ‘गो’ मोकळं झालं. इथलं ‘गो’ वर्तमानकाळी नाही, त्याला काळच नाही. ‘गो-वेंट-गॉन’ पाठ करून घेताना त्याला नुसतं ‘पहिलं रूप’ म्हटलं की मुलाला ते वर्तमानकाळाचं वाटतं आणि भूतकाळाच्या वाक्यात ते परकं दिसतं. गोंधळाचं खरं बीज मला या नावात दिसतं. त्यातून ‘डिड’ आणि ‘नॉट’ बोलण्यात मिसळून ‘डिडन्ट’ झालं, आणि ‘डिड’मधला भूतकाळ कानाला वेगळा जाणवेनासा झाला.

2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं, म्हणजे या रचनेशी गाठ आता फार लहान वयात पडते. ‘हॅड नॉट’पुढे ‘गॉन’, ‘वॉज नॉट’पुढे ‘गोइंग’, ‘कुड नॉट’पुढे ‘गो’ हे वेगवेगळं शिकवावंच लागतं. ‘कट’, ‘पुट’सारख्या न बदलणाऱ्या क्रियापदांत चूक लपून राहते, म्हणून तपासायचं तर ‘सी’, ‘ईट’, ‘बाय’ घ्यावीत. ‘नेव्हर’ हे सहायक क्रियापद नाही, ते काळ उचलत नाही, म्हणून ‘आय नेव्हर वेंट’ शुद्धच आहे. उत्साहाच्या भरात तेही लाल शाईनं खोडलं जाऊ नये.