माळ पडीक कधीपासून झाला?

दिवाळीनंतर सासवडच्या पुढे कुठल्याही माळावर अर्धा तास चाला, मोजे कुसळांनी भरतात. कुसळी गवताचं हे बी. त्याची लांब शेपटी दोरीसारखी पिळलेली असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की परत बसतो, आणि त्या फिरण्यात बियाचं टोक जमिनीत रुतत जातं. पेरायला कोणी लागत नाही.

दख्खनचा माळ म्हणजे जंगल तोडल्यावर उरलेली उघडी जमीन, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलंय. पण कुसळी, पवना, मारवेल ही ‘सी-४’ गटातली गवतं. कडक उन्हात, हवेत कार्बन डायऑक्साइड कमी असतानाही त्यांचं भागतं. अशा गवतांची कुरणं या उपखंडात साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी पसरली. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीत त्यांच्या खुणा मिळतात. तेव्हा कुऱ्हाडच काय, माणूसही नव्हता.

अलीकडचा पुरावा तर मराठीतच आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या ओव्या, चरित्रं आणि कथा चाळून त्यातल्या रानझाडांची यादी केली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४४ प्रजाती निघाल्या, आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश माळरानाच्या. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेचं म्हणून दाखवतात ते तरटीचं झाडसुद्धा काटेरी, माळावरचंच.

‘पडीक’ हा शिक्का मुख्यतः महसुली कागदांतला. इंग्रजी अमदानीत नांगर नाही आणि सारा नाही ती जमीन वाया, असा हिशेब होता. धनगरांची मेंढरं त्यावर चरत होती ती या हिशेबात कुठे बसणार? स्वातंत्र्यानंतरही दृष्टी तीच राहिली. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळच स्थापन झालं. माळांवर चर खणले गेले, कुठे सुबाभूळ लागली, कुठे ग्लिरिसिडिया.

हवामान बदलाचा प्रश्न या घोळावर येऊन बसला आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत २८० होता, आता ४२० च्या वर गेला आहे. पुस्तकी हिशेबाने याचा फायदा झाडाझुडपांना जास्त व्हायला हवा आणि सी-४ गवतांना जवळपास नाही. झुडपं वाढली की सावली पडते, आणि या गवतांना सावली सोसत नाही.

पण गवत पुस्तकाप्रमाणे वागेलच असं नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथे १९९८ पासून गवताच्या वाफ्यांना जादा कार्बन डायऑक्साइड देऊन वीस वर्षं वाढ मोजली. पहिली बारा वर्षं सगळं अपेक्षेप्रमाणे: थंड हवामानाची ‘सी-३’ गवतं सुमारे २० टक्क्यांनी जास्त वाढली, सी-४ जागच्या जागी. पुढच्या आठ वर्षांत पारडं फिरलं. सी-४ गवतं पुढे गेली, सी-३ चा फायदा संपला. मातीतून मिळणाऱ्या नत्राचं गणित दोन्ही गटांसाठी हळूहळू उलटत गेलं होतं. दहाव्या वर्षी प्रयोग गुंडाळला असता तर निष्कर्ष नेमका चुकीचा निघाला असता.

मिनेसोटाचा निकाल उचलून बारामतीला चिकटवता येत नाही, हे उघड आहे. तिथे हिवाळाभर बर्फ, इथे सात-आठ महिने कोरडे, वर चराई आणि वणवे. पाऊसही बदललाय: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. वीतभर मुरमावर असं पाणी थांबत नाही, वाहून जातं. मग ओढ बसते. माती धरून ठेवतात ती गवताचीच मुळं. माळाचा बराचसा कर्बही वर दिसत नाही, तो जमिनीखाली असतो. आणि हवामानावरचा उपाय म्हणून रोपं लावायला खड्डे घेतले जातात तेही याच जमिनीत.