वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली?

नव्या घरात शिरताच ताज्या रंगाचा, पॉलिशचा, कपाटातल्या गोंदाचा वास येतो. काही दिवसांत तो विरतो आणि आपण निर्धास्त होतो. पण या कामी नाकावर भिस्त ठेवणं बरं नाही. रंगातली द्रावकं भराभर उडून जातात, म्हणून वास जातो. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांतून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू मात्र वर्षानुवर्षं झिरपत राहू शकतो, आणि तोही अनेकदा वास न येण्याइतक्या कमी प्रमाणात.

याचं कारण गोंदात आहे. लाकडाचा भुसा किंवा पातळ थर चिकटवायला बहुतेक वेळा युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन वापरतात. हवेतल्या ओलाव्यामुळे त्याचे रासायनिक बंध हळूहळू तुटतात आणि वायू मोकळा होतो. उकाडा वाढला, हवा दमट झाली की हा वेगही वाढतो. फॉर्माल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. अमेरिकेत २००५ च्या कतरिना चक्रीवादळात बेघर झालेल्यांना राहायला दिलेल्या ट्रेलरमध्ये हा वायू बराच जास्त आढळला होता. लहानशी बंदिस्त जागा आणि भोवती सगळीकडे असे बोर्ड, मग दुसरं काय होणार?

मग मोजायचं कसं? वस्तूचा तुकडा काचेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या बंद कक्षात ठेवतात. आत तापमान २३ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ५० टक्के. शुद्ध हवा ठरावीक वेगाने आत सोडायची आणि बाहेर पडणारी हवा शोषक भरलेल्या नळीत पकडायची. नळी तापवली की अडकलेली संयुगं सुटतात. गॅस क्रोमॅटोग्राफ ती वेगळी करतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर ओळखतो. फॉर्माल्डिहाइडसाठी वेगळी, रासायनिक लेप दिलेली नळी लागते. युरोपीय पद्धतीत हे माप तिसऱ्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घेतात. मला अठ्ठाविसावा दिवस जास्त मोलाचा वाटतो, कारण माणसं त्या घरात पुढे वर्षं काढणार असतात.

कक्षातल्या आकड्यावरून खोलीचा अंदाज बांधायला एक नमुना खोली मानतात: ३० घनमीटर हवा, १२ चौरस मीटर जमीन, आणि तासाला निम्मी हवा बदलते, म्हणजे १५ घनमीटर. समजा, जमिनीवरच्या आच्छादनाच्या दर चौरस मीटरमधून तासाला १०० मायक्रोग्रॅम फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतो. १२ चौरस मीटरचे झाले १२०० मायक्रोग्रॅम. त्याला १५ ने भागलं की दर घनमीटरला ८०. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला १०० आहे. हे झालं नुसत्या जमिनीचं. कपाटं, दारं, पलंग अजून धरलेच नाहीत. खिडक्या लावून हवेची ये-जा निम्म्यावर आणली आणि वायू त्याच वेगाने येत राहिला, तर ८० चे १६० होतात.

खरेदी करताना इथेच गल्लत होते. रंगाच्या डब्यावरचं ‘लो व्हीओसी’, म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय संयुगं कमी, हे बहुधा रंगात काय भरलं आहे ते सांगतं, भिंतीवरून हवेत काय येतं ते नाही. म्हणून विक्रेत्याकडे कक्षचाचणीचा अहवाल मागावा आणि त्यात मोजमाप कितव्या दिवसाचं आहे ते बघावं.

पण चांगल्या अहवालालाही मर्यादा आहे. कक्षात वस्तू एकटी असते, घरात तिला शेजार असतो. पुरतं न सुकलेल्या काँक्रीटवर पीव्हीसीचं आच्छादन चिकटवलं, तर खालचा अल्कधर्मी ओलावा त्यातल्या प्लास्टिसायझरचं (प्लास्टिक लवचिक ठेवणाऱ्या रसायनाचं) आणि गोंदाचं विघटन करतो. त्यातून २-इथाइलहेक्झानॉल नावाचं अल्कोहोल तयार होऊन खोलीत येतं. हाच तुकडा कक्षात कोरडा ठेवला असता, तर अहवालात यातलं काहीच दिसलं नसतं. म्हणून आच्छादन घालण्याआधी काँक्रीटमधली ओल मोजून घ्यावी, आणि ती उतरेपर्यंत काम थांबवावं.