‘मालकाच्या जोखमीवर’ लिहिलं की ट्रान्सपोर्टवाला सुटतो?

बिल्टीवर, म्हणजे माल पाठवताना मिळणाऱ्या पावतीवर, कोपऱ्यात शिक्का असतो: ‘ओनर्स रिस्क’. फुटलेल्या टाइल्स किंवा चेपलेलं कपाट हातात आलं की गोडाऊनवाला त्याच शिक्क्यावर बोट ठेवतो आणि आपण मुकाट्याने परततो. व्यापाऱ्यांमध्येही हा समज पक्का आहे.

तो चुकीचा आहे. एवढ्या शिक्क्याने वाहतूकदाराची जबाबदारी संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलं. तेव्हा 1865 चा कायदा होता. आता 2007 चा रस्ते मालवाहतूक कायदा आहे, 1 मार्च 2011 पासून लागू. दाव्यात वाहतूकदाराचा निष्काळजीपणा मालकाने सिद्ध करावा लागत नाही. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती अशी कारणं असतील तर गोष्ट वेगळी; तिथेही त्याने पुरेशी काळजी घेतली होती का, हे पाहिलं जातं.

खरी मेख दुसरीकडेच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बुकिंग करताना जास्त किंमत जाहीर केली नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. भाडं 2,000 असेल तर लाखाच्या मालाचेही जास्तीत जास्त 20,000. किंमत जाहीर केली तर वाहतूकदार जादा आकार मागू शकतो, म्हणून बहुतेक जण ती टाळतात.

माल फुटलेला दिसला तर पोचपावतीवर तसा शेरा लिहूनच सही करा, फोटो काढा. दाव्याआधी लेखी नोटीस द्यावीच लागते, तीही बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. डिलिव्हरीच्या तारखेपासून नव्हे.